आकडे बाजूला ठेवून हालचालीचा तर्क: प्रोलॉगमध्ये पहिली पावलं

गाडी आधी फाटकाबाहेर होती, आता अंगणात उभी आहे. मधल्या वेळात तुम्ही खिडकीत नव्हता. तरीही ती फाटकातून गेली हे तुम्ही ठामपणे सांगता, आणि फाटक बंद होतं असं कुणी म्हणालं तर लगेच शंका घेता. यासाठी गाडीचा वेग लागला नाही, अंतर लागलं नाही, एकही आकडा लागला नाही. बाहेर, फाटकात, आत या तीन शब्दांवर आणि मधला शब्द गाळता येत नाही या एका समजेवर सगळं उभं राहिलं.

हीच समज संगणकाला द्यायची, हा या लेखाचा विषय आहे. याला गुणात्मक अवकाशीय तर्क म्हणतात. नवीन माणूस यात शिरतो तेव्हा त्याला वाटतं की खरं काम नात्यांना नावं देण्यात आहे. नावं दिली पाहिजेत हे बरोबरच, पण निष्कर्ष निघतात ते मनाईतून. हलणारी वस्तू कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत थेट जाऊ शकत नाही, हे नीट लिहिलं की न पाहिलेल्या गोष्टीही कळू लागतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच मनाईभोवती रचल्या आहेत.

तयारी

प्रोलॉग भाषेतले प्रोग्रॅम चालवणारं एसडब्ल्यूआय-प्रोलॉग उतरवून घ्या. ते मोफत आहे. यान विलेमाकर यांनी १९८७ मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि ते आजही चालू आहे. प्रोलॉग ही भाषा त्याहून जुनी. अलँ कोल्मेराउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७२ मध्ये मार्सेलला घडवली, आणि तर्काचे नियम हाच प्रोग्रॅम ही तिच्यामागची बैठक रॉबर्ट कोवाल्स्की यांच्या कामातून आली. आपल्या विषयाला ही भाषा का सोयीची, तर इथे आपण काय खरं आहे ते सांगतो आणि शोध यंत्रावर सोपवतो. एका प्रश्नाची अनेक उत्तरं असतील तर ती एकामागून एक देणं हा तिचा स्वभावच आहे, आणि अपुऱ्या माहितीवर तर्क करताना उत्तरं बहुधा अनेकच असतात.

या लेखातला सगळा कोड देवनागरीत आहे. एसडब्ल्यूआय-प्रोलॉगला तो चालतो, फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरं नसल्यामुळे साधा शब्द लिहिला की प्रोलॉग त्याला ठरलेलं नाव समजतं, म्हणून चलाची, म्हणजे ज्या नावाची किंमत प्रोलॉगने शोधायची त्याची, सुरुवात अधोरेषेने करायची. प्रश्न विचारताना मात्र चलाला रोमन मोठं अक्षर दिलेलं बरं, कारण सेटिंगनुसार अधोरेषेने सुरू होणाऱ्या चलाची किंमत पडद्यावर दिसत नाही. आणखी एक: जोडाक्षरं टाइप करताना काही कीबोर्ड न दिसणारी जोडचिन्हं घुसवतात. डोळ्यांना दोन शब्द सारखे दिसतात, प्रोलॉगला ते वेगळे असतात. नाव पुन्हा वापरायचं तेव्हा ते पहिल्या जागेवरून कॉपी करा.

पायरी १: नात्यांची नावं

दोन जागांमधली नाती किती? १९९२ मध्ये रँडेल, कुई आणि कोन यांनी मांडलेल्या पद्धतीत ती आठ आहेत, म्हणून तिला आरसीसी-८ म्हणतात (आरसीसी म्हणजे रीजन कनेक्शन कॅल्क्युलस). त्यांनी 'जोडलेलं असणं' हे एकच मूळ नातं घेतलं आणि बाकीची सगळी त्यातून व्याख्येने काढली. त्याच्या एक वर्ष आधी एगेनहोफर आणि फ्रांझोसा हे दोघे सीमा आणि अंतर्भाग एकमेकांना कुठे छेदतात हे तपासत निघाले आणि याच आठांपाशी येऊन पोचले. दोन वेगळ्या वाटा एकाच गावाला निघाल्या, म्हणून या आठांवर मला भरवसा वाटतो.

मी त्यांना अशी नावं देतो. दोन जागा एकमेकींना शिवतही नसतील तर विलग. फक्त कडा टेकल्या असतील तर स्पर्श. काही भाग सामाईक आणि दोघींचा काही भाग बाहेर असेल तर छेद. तंतोतंत एकच जागा असेल तर सम. पहिली दुसरीच्या आत असून आतून कडेला टेकली असेल तर आत_लगत, कडेपासून सुटी असेल तर आत_खोल. राहिली शेवटच्या दोघांची उलट नाती, म्हणजे पहिलीने दुसरीला वेढलंय: वेढा_लगत आणि वेढा_खोल. कोणत्याही दोन जागांमध्ये एका क्षणी यांपैकी एक आणि एकच नातं असतं.

कॅमेऱ्यातून वरून पाहिलेल्या चित्रावर ही नाती लावताना जपा. पुलाखालून जाणारी गाडी वरून पाहिली तर पुलाशी छेद दाखवते, प्रत्यक्षात दोघांमध्ये मोकळी हवा आहे. तुमची नाती जमिनीवरच्या सावल्यांमधली आहेत की खऱ्या वस्तूंमधली, हे पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवा.

पायरी २: तुमचं जग ठरवा

या पायरीला घाई करू नका.

जेम्स ॲलन यांनी १९८३ मध्ये दोन कालखंडांमधली १३ नाती मांडली होती. १९९२ मध्ये क्रिस्टियान फ्रेक्सा यांनी त्यांच्यात शेजार पाहिला: एक नातं हळूहळू बदलत दुसऱ्यात थेट जात असेल, मधे तिसरं येत नसेल, तर ती दोन नाती शेजारी. हीच कल्पना जागेला लावली की हालचालीचा नकाशा मिळतो. विलगच्या शेजारी स्पर्श आहे, छेद नाही. छेदच्या शेजारी आत_लगत आहे, आत_खोल नाही.

पण हा शेजार सगळीकडे एकसारखा नसतो. वस्तू कोणत्या जातीच्या आहेत यावर तो ठरतो. रोबो आणि माणूस दोघेही घन आहेत. ते एकमेकांत शिरू शकत नाहीत, म्हणून त्यांच्यात दोनच नाती शक्य आहेत, विलग आणि स्पर्श. रोबो आणि जमिनीवर आखलेला कक्ष घ्या. कक्ष म्हणजे नुसती रेघ, तिच्यावरून जाता येतं. रोबो कक्षापेक्षा लहान आणि आकार न बदलणारा असेल तर पाच नाती एका साखळीत बसतात. पाण्यावरचा तेलाचा तवंग आणि बंदराची हद्द घेतली तर चित्र पार बदलतं, कारण तवंग पसरतो. हद्दीच्या मधोमध असलेला तवंग सगळीकडून सारखा वाढत जाऊन एकाच क्षणी पूर्ण हद्द भरू शकतो, म्हणजे तो आत_खोलवरून थेट समवर येतो. घन रोबोला हे कधीच जमणार नाही.

म्हणून शेजाराच्या तथ्यात, म्हणजे बिनशर्त खरं मानलेल्या ओळीत, जगाचं नाव पहिल्या जागी घालायचं:

```
शेजार(घन, विलग, स्पर्श).

शेजार(भाग, विलग, स्पर्श).
शेजार(भाग, स्पर्श, छेद).
शेजार(भाग, छेद, आत_लगत).
शेजार(भाग, आत_लगत, आत_खोल).

जग(रोबो, माणूस, घन).
जग(रोबो, कक्ष, भाग).
जग(पेटी, कक्ष, भाग).
```

तवंगासाठी वेगळं जग करून, भागच्या चार कडांच्या (इथे कड म्हणजे शेजाराची एक ओळ) जोडीला छेद–सम, छेद–वेढा_लगत, वेढा_लगत–वेढा_खोल, आणि समपासून आत_लगत, आत_खोल, वेढा_लगत, वेढा_खोल या चौघांना एकेक कड द्या. एकूण ११ कडा होतात. त्यांचा परिणाम पुढच्या पायरीत दिसेल.

शेजार दोन्ही बाजूंनी चालतो, मग उलट दिशा कशी सांगायची? इथे जवळपास प्रत्येक नवशिका एक ओळ लिहितो: शेजार(अ, ब) खरं असेल तर शेजार(ब, अ) खरं. तर्काच्या दृष्टीने ओळ निर्दोष आहे. प्रोलॉग मात्र ती सिद्ध करायला स्वतःलाच पुन्हा विचारतं, मग पुन्हा, आणि तथ्य सापडलं नाही की शोध कधी थांबतच नाही. मीही सुरुवातीला हेच केलं होतं आणि दोष नोंदींमध्ये शोधत बसलो होतो. उपाय सोपा आहे, उलटसुलट नात्याला वेगळं नाव द्या (:- ही खूण 'जर' अशी वाचा):

```
शेजारी(_जग, _अ, _ब) :- शेजार(_जग, _अ, _ब).
शेजारी(_जग, _अ, _ब) :- शेजार(_जग, _ब, _अ).
```

पायरी ३: गाळलेलं भरून काढणारा नियम

आता नोंदी. कॅमेऱ्याने तीन क्षण टिपले, त्यांना क, ख, ग म्हणू:

```
पुढचा(क, ख).
पुढचा(ख, ग).

दिसले(क, रोबो, कक्ष, विलग).
दिसले(ख, रोबो, कक्ष, छेद).
दिसले(ग, रोबो, कक्ष, आत_खोल).
```

क आणि ख यांच्या मधे स्पर्श झालाच पाहिजे, ख आणि ग यांच्या मधे आत_लगत. दोन्ही कॅमेऱ्याला दिसलेले नाहीत. ते शोधणारा नियम असा (\+ म्हणजे 'नाही', आणि [_अ|_उरलेले] म्हणजे यादीतलं पहिलं नाव आणि मागे उरलेली यादी):

```
वाट(_जग, _अ, _ब, _मार्ग) :-
    \+ \+ शेजारी(_जग, _अ, _),
    चाल(_जग, _अ, _ब, [_अ], _मार्ग).

चाल(_, _ब, _ब, _, [_ब]).
चाल(_जग, _अ, _ब, _झालेले, [_अ|_उरलेले]) :-
    शेजारी(_जग, _अ, _मधले),
    \+ आहे(_मधले, _झालेले),
    चाल(_जग, _मधले, _ब, [_मधले|_झालेले], _उरलेले).

आहे(_क, [_क|_]).
आहे(_क, [_|_शेष]) :- आहे(_क, _शेष).

गोष्ट(_अ, _ब, _आधी, _नंतर, _मार्ग) :-
    जग(_अ, _ब, _जग),
    पुढचा(_आधी, _नंतर),
    दिसले(_आधी, _अ, _ब, _न),
    दिसले(_नंतर, _अ, _ब, _म),
    वाट(_जग, _न, _म, _मार्ग).
```

चाल हा नियम नकाशावर एकेक शेजारी पाऊल टाकतो आणि गेलेल्या अवस्था यादीत ठेवतो, म्हणजे गोल गोल फिरणं टळतं. क ते ख साठी गोष्ट(रोबो, कक्ष, क, ख, M). असं विचारलं की मार्ग येतो [विलग, स्पर्श, छेद]. ख ते ग साठी [छेद, आत_लगत, आत_खोल]. दुसरं उत्तर मागा, मिळणार नाही, कारण साखळीत वाट एकच असते. याच दोन टोकांसाठी, म्हणजे छेद ते आत_खोल, तवंगाच्या ११ कडांवर विचारा. एका वाटेच्या जागी आठ येतील. जगाला जितकी मोकळीक द्याल तितकं तुमचं ज्ञान पातळ होतं. म्हणून 'सगळ्याच शक्यता ठेवू, सुरक्षित राहील' हा विचार इथे उपयोगाचा नाही. रोबोला तवंगाचे नियम लावले तर चुकीचं उत्तर येणार नाही, पण कामाचंही येणार नाही.

वाट नियमातली पहिली ओळ, दोन नकारांची, कशासाठी? ती काढून टाका आणि रोबो-माणूस या घन जगात छेद ते छेद वाट विचारा. उत्तर येईल, आहे! दोन्ही टोकं सारखी असल्यामुळे चालची पहिली ओळ लगेच जुळते, आणि घन वस्तू एकमेकांत घुसलेल्या असणं अशक्य आहे हे कुणी तपासतच नाही. पहिली ओळ विचारते की हे नातं या जगाच्या नकाशावर मुळात आहे का. नकार दोनदा का, तर एकाच नात्याला दोन शेजारी असले तर साधी तपासणी दोनदा जुळते आणि प्रत्येक उत्तर दोनदा येतं. दुहेरी नकार फक्त हो किंवा नाही सांगतो.

एक मर्यादा इथेच लक्षात घ्या. वाट सांगते ती किमान घडलेली गोष्ट. दोन लागोपाठच्या क्षणी विलग दिसलं म्हणजे मधे काहीच झालं नाही, असं नाही. रोबो येऊन कक्षाला शिवून परत गेलेला असू शकतो. 'इतकं तरी झालंच' हे आपण सिद्ध करतो, 'इतकंच झालं' हे नाही.

पायरी ४: न दिसणारी पेटी

आता एक पेटी रोबोच्या खोक्यात ठेवा. वरून झाकण आहे, कॅमेऱ्याला ती दिसत नाही. एवढंच माहीत आहे की तिची जागा रोबोच्या जागेच्या आत_खोल आहे. पेटीचं कक्षाशी नातं काय?

दोन नाती एकापुढे एक ठेवून तिसरं काढणं, याला जुळणी म्हणू. आरसीसी-८ चा पूर्ण तक्ता आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ घरांचा आहे. आपल्याला त्यातल्या पाचच घरांची गरज आहे. प्रत्येक शक्यता वेगळ्या ओळीवर लिहा, यादीत कोंबू नका, कारण वेगळ्या ओळी प्रोलॉग स्वतःच एकेक करून तपासतं:

```
जुळणी(आत_खोल, विलग, विलग).
जुळणी(आत_खोल, स्पर्श, विलग).
जुळणी(आत_खोल, छेद, विलग).
जुळणी(आत_खोल, छेद, स्पर्श).
जुळणी(आत_खोल, छेद, छेद).
जुळणी(आत_खोल, छेद, आत_लगत).
जुळणी(आत_खोल, छेद, आत_खोल).
जुळणी(आत_खोल, आत_लगत, आत_खोल).
जुळणी(आत_खोल, आत_खोल, आत_खोल).

शक्य(_क्षण, _अ, _इ, _नाते) :-
    दिसले(_क्षण, _अ, _उ, _पहिले),
    दिसले(_क्षण, _उ, _इ, _दुसरे),
    जुळणी(_पहिले, _दुसरे, _नाते).
```

क, ख, ग या तिन्ही क्षणांसाठी पेटी रोबोच्या आत_खोल असल्याची नोंद दिसलेच्या बाकी ओळींजवळच घाला. एका नावाची तथ्यं फाइलभर विखुरली तर प्रोलॉग इशारा देतं. मग शक्य विचारा. क वर एकच उत्तर, विलग. ग वर एकच, आत_खोल. ख वर पाच.

पाच उत्तरं पाहून निराश व्हायला होतं, पण शेजाराचा नकाशा जवळ ठेवा आणि तक्ता पुन्हा वाचा. रोबो कक्षाला नुसता टेकला तेव्हा पेटी अजून विलग होती, तक्त्याची दुसरी ओळ. रोबो नुकताच पूर्ण आत येऊन आतून कडेला टेकला होता तेव्हा पेटी आधीच आत_खोल होती, शेवटून दुसरी ओळ. पेटीही घन आणि लहान, तिलाही साखळी सोडून जाता येत नाही. मग तिचा स्पर्श, तिचा छेद आणि तिचं आत_लगत असणं हे तिन्ही रोबो छेद अवस्थेत असतानाच घडून गेले. पेटी कुणीही पाहिली नाही. पेटीने कक्षाची रेघ कधी ओलांडली, हे रोबोच्या एकाच अवस्थेत बंदिस्त झालं. हा निष्कर्ष मी पहिल्यांदा कागदावर काढला तेव्हा या विषयात आपण राहणार हे मला कळलं.

आता या पायरीतला खड्डा. प्रोलॉगचा नकार म्हणजे 'सिद्ध करता आलं नाही'. या नकाराचा तर्कशास्त्रीय अर्थ कीथ क्लार्क यांनी १९७८ मध्ये स्पष्ट केला, आणि तो बंदिस्त माहितीवर बेतलेला आहे: जे लिहिलेलं नाही ते खोटं. आपण ६४ पैकी पाचच घरं भरली आहेत. उद्या पेटी खोक्याच्या कडेला टेकली, म्हणजे आत_लगत झाली, की एकही ओळ जुळणार नाही आणि प्रोलॉग म्हणेल, असं कोणतंच नातं शक्य नाही. खरं तर आपण ते घर भरलेलंच नाही. म्हणून 'अशक्य' हा निकाल नकारावर काढण्याआधी ते घर भरलेलं आहे का, हे वेगळं तपासा:

```
भरलेले(_प, _द) :- \+ \+ जुळणी(_प, _द, _).
```

पायरी ५: कोण कुणाकडे चाललं आहे

आतापर्यंतची नाती एक गोष्ट सांगत नाहीत. रोबो आणि माणूस विलगवरून स्पर्शवर आले, पण कोण कुणाजवळ गेलं? त्यासाठी गेंट विद्यापीठात निको व्हॅन दे वेघे यांनी २००४ च्या आपल्या प्रबंधात मांडलेली क्यूटीसी (क्वालिटेटिव्ह ट्रॅजेक्टरी कॅल्क्युलस) ही पद्धत आहे. तिचं सर्वांत साधं रूप दोन चिन्हांचं: पहिला दुसऱ्याच्या जवळ जातोय, दूर जातोय की स्थिर, आणि दुसरा पहिल्याच्या बाबतीत तसंच. तीन गुणिले तीन, नऊ जोड्या.

चिन्ह काढताना दोघांमधलं एकूण अंतर घटलं का ते बघू नका. माणूस वेगाने रोबोकडे येतोय आणि रोबो सावकाश मागे सरकतोय, तरी अंतर घटतंच. रोबोचं चिन्ह काढायचं तर माणसाची जुन्या क्षणाची जागा खिळा मारल्यासारखी धरून ठेवा आणि रोबो त्या जागेपासून आधी किती लांब होता, नंतर किती लांब आहे ते पाहा. मग माणसासाठी उलट. रोबो माणसाभोवती वर्तुळात फिरत असला तर या साध्या रूपात तो स्थिर ठरतो, कारण अंतर बदलत नाही. ते चालणार नसेल तर डावी-उजवी बाजूही धरणारं चार चिन्हांचं रूप आहे, त्यात ८१ जोड्या होतात. सुरुवात नऊपासूनच करा.

```
चिन्ह(_जुने, _नवे, _सूट, जवळ) :- _नवे < _जुने - _सूट.
चिन्ह(_जुने, _नवे, _सूट, दूर) :- _नवे > _जुने + _सूट.
चिन्ह(_जुने, _नवे, _सूट, स्थिर) :-
    _नवे >= _जुने - _सूट,
    _नवे =< _जुने + _सूट.
```

'पेक्षा कमी किंवा समान' हे चिन्ह प्रोलॉगमध्ये बरोबरची खूण आधी घेऊन लिहितात, बाकी भाषांच्या उलट. सवयीने चुकतं.

मनाई इथेही आहे. जवळवरून थेट दूर होता येत नाही, मधे स्थिर यावंच लागतं, मग ते एक क्षणभर का असेना. जोडीत हे अधिक बारीक होतं. समजा रोबो थांबलाय आणि माणूस जवळ येतोय. पुढे रोबो जवळ येतोय आणि माणूस थांबलाय. प्रत्येकाचा बदल वेगळा पाहिला तर दोन्ही शेजारी आहेत, हरकत दिसत नाही. पण बदलाच्या नेमक्या क्षणाकडे पाहा. रोबो निघतो त्या क्षणी तो अजून स्थिर असतो, कारण स्थिर सुटण्याचा शेवटचा क्षण स्थिरचाच. माणूस थांबतो त्या क्षणी तो आधीच स्थिर असतो. म्हणजे त्या एका क्षणी दोघंही स्थिर. ही मधली जोडी गाळता येत नाही. अँटनी गॅल्टन यांनी वर्चस्वाची कल्पना मांडली ती हीच: काही अवस्था एका क्षणापुरत्या असू शकतात, काहींना टिकायला कालावधी लागतो, आणि दोघींच्या सीमेवरचा क्षण नेहमी पहिल्या जातीच्या अवस्थेला मिळतो.

नियमात हे दोनच ओळींत बसतं:

```
सुटते(_अ, _अ).
सुटते(स्थिर, जवळ).
सुटते(स्थिर, दूर).

बदल(जोडी(_अ, _ब), जोडी(_च, _ड)) :- सुटते(_अ, _च), सुटते(_ब, _ड).
बदल(जोडी(_अ, _ब), जोडी(_च, _ड)) :- सुटते(_च, _अ), सुटते(_ड, _ब).
```

पहिली ओळ म्हणते, जे बदलतायत ते सगळे स्थिर सोडतायत. दुसरी म्हणते, सगळे स्थिरवर येतायत. एकाने सोडायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने यायचं, हे दोन्हींत बसत नाही, म्हणून प्रोलॉग नकार देतं. तुमच्या नोंदींत तो बदल थेट दिसला तर मधला क्षण कॅमेऱ्याने गाळला, एवढाच त्याचा अर्थ.

पायरी ६: खऱ्या नोंदी आणल्यावर

खरा सेन्सर थरथरतो. उभा रोबोही नोंदीत जरा पुढे-मागे होतो आणि चिन्हं जवळ, दूर, जवळ अशी उड्या मारू लागतात. त्यासाठी सूट ठेवली आहे. थरथर २ सेंटीमीटरची असेल तर सूट त्याहून थोडी जास्त ठेवा. पण सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात सावकाश चालणारा रोबो दोन चित्रांमध्ये सुटीपेक्षाही कमी सरकतो, आणि मग सगळीकडे स्थिर दिसतं. अशा वेळी लागोपाठची चित्रं न घेता थोड्या अंतरावरची घ्या. सूट आणि चित्रांमधलं अंतर ही जोडी एकत्रच ठरवावी लागते.

स्पर्श आणि सम ही नाती मोजमापातून थेट मिळण्याची आशा ठेवू नका. कडा तंतोतंत टेकल्याचा क्षण आकड्यांत जवळजवळ कधीच सापडत नाही. ती नाती वाट नियमाकडून घ्या, त्याचं कामच ते आहे.

वाट लांब निघाली की ती वाचा. दोन लागोपाठच्या चित्रांत एक रोबो आत_खोलवरून विलगवर गेला तर वाट आहे, पण चार पावलांची. इतक्या थोड्या वेळात ते जमण्यासारखं नसेल, आणि त्याच क्षणी दुसरा सारखाच दिसणारा रोबो विलगवरून आत_खोलवर गेला असेल, तर कुणीही हललेलं नाही. माग काढणाऱ्या प्रणालीने दोघांची नावं अदलाबदल केली आहेत. ही चूक नुसते आकडे चाळून पकडायला जीव जातो. इथे एका प्रश्नात सापडते.

यापुढे कुठे

नाती 'हे किंवा ते' अशी अनिश्चित होऊ लागली आणि वस्तू वाढल्या की साधा शोध दमतो. आरसीसी-८ मधली कोणतीही अनिश्चित नाती मोकळेपणाने वापरली तर सगळी माहिती परस्परांशी जुळते का हे तपासणं एनपी-पूर्ण आहे, म्हणजे ते नेहमीच झटपट सोडवणारी रीत कुणाला माहीत नाही. आठ नात्यांचे २५६ संच होतात. त्यातल्या १४८ संचांपुरतं राहिलं तर काम वेगाने होतं, हे रेंझ आणि नेबेल यांनी दाखवलं. तुमची प्रत्येक नोंद एकच पक्कं नातं सांगत असेल तर काळजीचं कारण नाही.

घटनांची नोंद ठेवायची असेल, म्हणजे रोबो कक्षात शिरला, मग निघेपर्यंत आतच होता, तर कोवाल्स्की आणि सर्गो यांचं १९८६ चं घटना-कलन पाहा. प्रोलॉगमध्ये ते मोजक्या नियमांत बसतं. अनेक शक्य जगं एकदम मोजायची असतील तर पॉट्सडॅम विद्यापीठातलं क्लिंगो हे तर्क-प्रोग्रॅमिंगचं साधन उपयोगी. जागेचा तर्क तर्क-प्रोग्रॅमिंगमध्ये आयता मिळवायचा असेल तर भट्ट, ली आणि शुल्ट्झ यांची २०११ ची सीएलपी-क्यूएस ही मांडणी शोधा.

त्याआधी मात्र वरच्याच फाइलवर एक काम करा. दिसलेमध्ये घ हा चौथा क्षण घाला, पुढचा(ग, घ) लिहा, रोबो घ वर पुन्हा विलग आहे आणि पेटीची कुठलीच नोंद नाही असं ठेवा. मग घ वर पेटी कुठे असू शकते ते विचारा. शक्य काहीच देणार नाही. पेटी रोबोबरोबर बाहेर आली की कक्षातच उतरवली गेली, हे वेगवेगळं सांगू शकेल असा नियम लिहायचा आहे. त्यासाठी पेटी आणि रोबो यांच्या जोडीला जग कोणतं द्यायचं, हे आधी ठरवा.